मिठाची पुडी आणि सकाळची गोळी

गडचांदूरहून मी बोलतेय. आजचा भाग नेहमीपेक्षा जरा लांब आहे, त्यामुळे हेडफोन लावा, चहा घ्या. आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'आँ' तेवढे काढलेत, बाकी आहे तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्या ताईचा व्हॉइस मेसेज आला. वय २४, नुकतंच लग्न झालेलं. थकवा होता म्हणून रक्त तपासलं, तर टीएसएच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली. ताई म्हणते, "लहानपणापासून घरात आयोडीनवालंच मीठ आहे. मग मले थायरॉईड झालाच काहून? आणि ही गोळी जन्मभर खायची म्हणजे मी जन्माची आजारी झाली का?"

दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही फार चांगले आहेत. कारण थायरॉईडचा इतिहास एक नाही, दोन आहेत. एक मिठाचा, एक गोळीचा. मिठाचा इतिहास गावाचा आहे आणि गोळीचा एकेका माणसाचा. आपण हे दोन्ही एकात कालवतो, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. आज ते वेगळे करून बघू.

समुद्रापासून लांब

थायरॉईड म्हणजे आजाराचं नाव नाही बरं का. 'मला थायरॉईड आहे' असं आपण म्हणतो, पण तो तर सगळ्यांनाच असतो! गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी आहे. वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. ती जो हार्मोन बनवते त्याला थायरॉक्सिन किंवा टी-फोर म्हणतात. 'फोर' कशासाठी? तर त्याच्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात म्हणून. आयोडीन नाही तर हार्मोन नाही, इतका सरळ हिशेब.

मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम आयोडीन. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी ४ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही. पण ते रोज थोडं थोडं मिळावं लागतं. नाही मिळालं की ग्रंथी जास्त काम करायला बघते आणि फुगते. तोच गलगंड.

आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. मासळी, समुद्री शेवाळ यांत ते भरपूर असतं. जमिनीतलं मात्र पावसाने, पुराने धुऊन जातं. आता आपल्या गडचांदूरची गंमत बघा. ज्या चुनखडीवर इथले सिमेंटचे कारखाने उभे आहेत, ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली. आपण अक्षरशः जुन्या समुद्रावर राहतो, पण ताटात समुद्रातलं काही येत नाही. येतं ते फक्त मीठ, आणि तेही लांबून.

जंगलातल्या जुन्या माणसांना मिठाची किंमत विचारा. गडचिरोली-बस्तरच्या पट्ट्यात व्यापारी मीठ घेऊन यायचे आणि आदिवासींकडून त्याच मापाने चारोळी घेऊन जायचे. मापाला माप! आज चारोळीचा किलोचा भाव बघा आणि मिठाचा बघा, म्हणजे ती लूट केवढी होती ते कळेल. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. मीठ असं आहे की ज्याच्याकडे काहीच नाही तोही ते मिळवतोच. श्रीमंत असो की गरीब, दिवसाला जवळपास सारखंच खातो. ते मोजक्याच ठिकाणी बनतं आणि घराघरात पोचतं. सगळ्यांपर्यंत एखादी गोष्ट न्यायची असेल तर मिठासारखं वाहन नाही.

मिठात आयोडीन घालायचं कसं ठरलं

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा या माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ येताना दिसली. ते आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर कुआंदे यांनी गलगंडाच्या रोग्यांना ते दिलं आणि गलगंड उतरायला लागले. पण तेव्हा मात्रा ठाऊक नव्हती. लोकांनी भरमसाट घेतलं, काहींची तब्येत बिघडली आणि आयोडीन बदनाम झालं. औषध चांगलं, डोस चुकीचा. ही चूक माणसं आजही करतात, त्यावर पुढे येऊच.

जवळपास शंभर वर्षांनी अमेरिकेत डेव्हिड मरीन यांनी ॲक्रन शहरातल्या शाळकरी मुलींना थोडं थोडं आयोडीन देऊन दाखवलं की गलगंड मुळात होऊच न देणं शक्य आहे. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली, १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने.

आणि भारत? इथे नाव घ्यायचं ते डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांचं. १९५६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीचा भाग निवडला आणि त्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, मधल्या विभागाला साधं. पाच-सहा वर्षांनी मोजणी केली तर आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आलेलं, मधल्या विभागात जवळपास होतं तसंच. मग त्या मधल्या विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथेही गलगंड ओसरला.

याच प्रयोगातून आपल्या कामाची आणखी एक गोष्ट पुढे आली. आयोडीन मिठात दोन रूपांत घालता येतं, आयोडाइड किंवा आयोडेट. दमट हवेत आयोडाइड लवकर उडून जातं, आयोडेट टिकतं. म्हणून आपल्याकडच्या मिठात पोटॅशियम आयोडेट असतं. आपल्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीला कसं पाणी सुटतं ते आठवा, म्हणजे हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते पटेल.

१९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण एक समजूत घट्ट बसली होती, की हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार आहे. म्हणजे विदर्भ, मराठवाडा, खानदेश यांचा त्याच्याशी संबंध नाही. १९८९ मध्ये आयसीएमआरने ९ राज्यांतल्या १४ जिल्ह्यांचा अभ्यास मांडला. त्यात गलगंडाचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि समजूत मोडली. त्याआधीच, १९८३ पासून, खासगी कंपन्यांना आयोडीनयुक्त मीठ बनवायची मुभा मिळाली होती. टाटांचं पाकिटातलं मीठ बाजारात आलं ते त्याच साली.

१९९२ मध्ये कार्यक्रमाचं नाव बदललं. 'गलगंड' जाऊन 'आयोडीन कमतरता विकार' आलं. नाव बदलण्यामागे मोठं कारण होतं. गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसते, पण खरं नुकसान दिसत नाही. आईच्या पोटात बाळाला आयोडीन कमी पडलं तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. फार कमी पडलं तर मूल मतिमंद किंवा मूकबधिर जन्मतं, थोडं कमी पडलं तर वर्गात मागे पडतं. आणि आपण म्हणतो, "पोरगं ढ आहे."

नागपूरहून दिल्लीला गेलेली याचिका

आता कहाणी आपल्या घराजवळ येते. १९९७ साली केंद्र सरकारने खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी केली. २००० मध्ये ती उठवली, का तर अशा बाबतीत लोकांवर सक्ती नको. डॉक्टरमंडळी अस्वस्थ झाली. २००५ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली आणि मे २००६ पासून बंदी परत लागू झाली.

या सक्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं ते नागपूरच्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेने. या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी आपल्या भागात माहीत आहेत ते लाखोळीच्या डाळीवरची बंदी उठावी म्हणून दिलेल्या लढ्यामुळे. मिठाच्या बाबतीत प्रश्न असा होता: ज्यांना आयोडीनची कमतरताच नाही त्यांनाही ते खायला का लावायचं? आणि साधं मीठ पिकवणाऱ्या लहान माणसाचं काय?

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. १९३० साली आपल्या लोकांनी मिठासाठीच सत्याग्रह केला होता. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ बनवून कायदा मोडला होता. मिठावर सरकारी हुकूम आला की आपल्याकडे कान टवकारले जाणारच!

जुलै २०११ मध्ये निकाल लागला, आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण व्हॉट्सॲपवर त्याचा अर्धाच भाग फिरतो. न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरवला, हे खरं. पण का? तर तो अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली केलेला होता. साधं मीठ म्हणजे काही भेसळ नव्हे, त्यामुळे त्या कायद्याचा आधार घेऊन सगळ्यांना आयोडीन देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. आयोडीनचं मीठ घातक आहे, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. उलट लोकांच्या आरोग्याचा विचार करून बंदी आणखी सहा महिने चालू ठेवली, म्हणजे सरकारला योग्य मार्ग शोधता यावा. आणि ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा कायद्याचे नवे नियम लागू झाले, त्यात हे बंधन आहेच.

मिठाचा इतिहास इथवर. गाव वाचवायची ही गोष्ट आहे, आणि बऱ्याच अंशी यशस्वी गोष्ट आहे.

आता गोळीचा इतिहास

१८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी काही मोठ्या वयाच्या बायकांची लक्षणं मांडली. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, बोलणं मंदावलेलं, सतत थंडी, विचार करायला वेळ लागतो. आधी या बायका चांगल्या धडधाकट होत्या. कारण कुणालाच कळेना. दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, स्वित्झर्लंडचे शल्यविशारद कोखर यांनी सांगितलं की गलगंडासाठी ज्यांची अख्खी ग्रंथी काढली त्यांची पुढे हीच अवस्था झाली. म्हणजे ग्रंथी गेली की माणूस असा विझत जातो. तेव्हा उपाय काहीही नव्हता.

१८९१ मध्ये न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढला आणि अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. काही आठवड्यांत सूज उतरली, बोलणं सुधारलं, बाई हिंडू-फिरू लागली. पुढे तोंडावाटे औषध द्यायला लागले. ती बाई आणखी २८ वर्षं जगली, १९१९ मध्ये वारली. त्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब आहे.

मंडळी, इथे जरा थांबा. 'जन्मभर गोळी' म्हटलं की आपण कपाळाला हात लावतो. तिच्यासाठी जन्मभराचं औषध म्हणजे मेंढ्यांचा एक कळपच होता, आणि त्याच्यामुळे तिला २८ वर्षं मिळाली.

मग २५ डिसेंबर १९१४ रोजी, ऐन नाताळात, अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं. डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींमधून त्यांच्या हाती पडलं फक्त ३३ ग्रॅम. १९२७ मध्ये लंडनला चार्ल्स हॅरिंग्टन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. आज थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी मिळते ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे हेच. मेंढी नको, डुक्कर नको. रोजचा खर्च टपरीवरच्या एका चहापेक्षा कमी.

राहिलं मोजमाप. रक्तातला इतका बारीक हार्मोन मोजायचं तंत्र रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात शोधलं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली मुंबईत परळला सुरू झालं. थायरॉईडच्या तपासण्या आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार तिथे रुजले. आज गडचांदुरात बसून आपण टीएसएचचा रिपोर्ट मोबाइलवर उघडतो, त्याच्यामागे एवढा मोठा प्रवास आहे.

मग मले काहून झाला?

आता ताईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने चार बायकांच्या ग्रंथींचं वर्णन केलं. त्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशी घुसल्या होत्या. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच ग्रंथीला परकी समजून पोखरते, त्यातला हा प्रकार. आज आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागांत थायरॉईड मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. बायकांमध्ये जास्त, आणि बरेचदा घराण्यात असतं.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातल्या ८ शहरांमधली ५,३७६ मोठी माणसं तपासली होती. जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंदावलेला निघाला. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना तपासणीपर्यंत पत्ताच नव्हता!

म्हणजे ताई, मिठाने त्याचं काम केलं. आयोडीन नसल्यामुळे होणारं नुकसान त्याने अडवलं. हाशिमोतो अडवणं मिठाच्या हातात नाही. तुझी ग्रंथीच कमी काम करत असेल तर जास्त मीठ खाऊन, शेवाळाच्या गोळ्या घेऊन ती सुधारणार नाही. उलट आयोडीन जास्त झालं तर ही सूज काही जणांत वाढूही शकते. आणि रीलमध्ये दाखवतात ते गुलाबी मीठ? सैंधव किंवा गुलाबी मिठात आयोडीन मुद्दाम घातलेलं नसेल तर आहे तेवढंही संरक्षण जातं.

दुसरा प्रश्न, जन्मभराचा. ही गोळी नशा नाही, सवय लावणारं औषध नाही. तुझ्या ग्रंथीने जो हार्मोन बनवायला हवा होता तोच ती बाहेरून देते. चष्मा लावणाऱ्याला आपण 'जन्माचा आजारी' म्हणतो का?

यात एक फसगत मात्र आहे. हा हार्मोन अंगातून हळूहळू उतरतो, निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून गोळी सोडली की पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. माणूस म्हणतो, "बघा, सोडली तरी काही झालं नाही!" मग महिन्या-दोन महिन्यांनी वजन चढतं, केस गळतात, शौचाला त्रास, पाळी बिघडते, कोलेस्टेरॉल वाढतं, मन उदास होतं. तोवर गोळीचा संबंध विसरलेला असतो. पण हेही ऐका: प्रत्येक थकवा थायरॉईडचा नसतो. आपल्या भागात ॲनिमिया आहे, सिकलसेल आहे. अंदाज बांधू नका, रक्त तपासा.

दिवस गेले की गोळी बंद?

हा भाग मी मुद्दाम करतेय तो यासाठी. दिवस राहिले की घरातलं कुणीतरी सांगतं, "आता गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील." इतर औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. पण थायरॉईडच्या गोळीच्या बाबतीत हा सल्ला उलटा आहे. पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, आईच्या हार्मोनवरच त्याचा मेंदू घडतो. त्या काळात आईची गरज कमी होत नाही, वाढते, बरेचदा पाव ते निम्म्या डोसने. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं, टीएसएच लवकर तपासायचं, डोस त्यांनी ठरवायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या घ्यायच्याच, पण थायरॉईडच्या गोळीबरोबर नाही. लोह आणि कॅल्शियम तिला पोटातच अडवतात. मध्ये चार तास ठेवा. सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, अर्ध्या-एक तासाने चहा, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर. एवढं केलं तरी बऱ्याच जणींचा रिपोर्ट सुधारतो.

आणि बाळ? काही बाळं जन्मतःच थायरॉईड नसलेली किंवा मंद असलेली असतात, आणि दिसायला ठणठणीत असतात. मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलच्या डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली १२,४०७ नवजात बाळांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण अडीच हजारांत एक बाळ तसं निघालं. दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालं तर ते मूल इतरांसारखंच शाळेत जातं. उशीर झाला तर मेंदूचं गेलेलं परत येत नाही. तपासणी काय, तर टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब. ती आपल्याकडे अजून सगळीकडे आपोआप होत नाही. म्हणून घरात बाळंतपण असेल तर दवाखान्यात विचारा, "बाळाची थायरॉईडची तपासणी होते का?" विचारायला पैसे लागत नाहीत.

स्वयंपाकघरातलं थोडंसं

मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का बघा. आपल्यापर्यंत पोचेपर्यंत १० लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं, असा नियम आहे. खडे मीठ धुऊन वापरू नका. बरणीला झाकण ठेवा, चुलीजवळ ठेवू नका, आणि जमेल तिथे मीठ शेवटी घाला.

पावसाळ्यात हटकून एक प्रश्न येतो, "वास्ते खायचे का?" बांबूच्या कोंबात असे घटक असतात जे शरीरात गेल्यावर आयोडीनच्या वाटेत येतात. जिथे वर्षभर भरपूर खातात आणि आयोडीन कमी, तिथे तो प्रश्न होतो. आपण हंगामात चार वेळा, नीट उकडून, पाणी फेकून खातो. आयोडीनचं मीठ घरात असेल तर बिनधास्त खा.

शेवटी एक काम देते. आज घरी आई, मावशी, वहिनी यांपैकी कुणी ही गोळी घेतं का, ते विचारा. कितीतरी जणी ती डब्यात लपवून ठेवतात, सासरी कळू नये म्हणून, किंवा मुलीचं लग्न जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. कधी घेते, कशाबरोबर घेते, शेवटचं टीएसएच कधी केलं, एवढे तीन प्रश्न. ती चहाबरोबरच घेत असेल तर उद्यापासून तिच्यासाठी अर्धा तास आधी पाण्याचा ग्लास तुम्ही भरून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तुमचे व्हॉइस मेसेज येऊ द्या. काळजी घ्या!